शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा आधारस्तंभ आहे, हे वाक्य मी इयत्ता आठवीपासून निबंधात लिहीत आले आहे. परीक्षकांनी त्याला दर वेळी गुणही दिले. परंतु हा स्तंभ नेमका कोठे उभा आहे, आणि तापीच्या काठी, आपल्या सारंगखेड्यात, तो दिसतो का, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही. तोच प्रश्न या लेखात मांडावा, असे मी ठरवले आहे.

आमच्या गावात वर्तमानपत्र येते ते सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर आणि एस. टी. स्टँडवर. या तिन्ही ठिकाणी मुलींनी बसून पेपर वाचण्याची पद्धत नाही. त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वर्तमानपत्र वाचण्याची संधी मला मिळाली ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तेथेच एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक वर्तमानपत्रात, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापले, अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. कित्येकदा पुढे हेही लिहिलेले असते, की बातम्यांच्या निवडीस कायद्यानुसार हे संपादक जबाबदार आहेत. ही ओळ कुणी वाचत नाही. पण सबंध वर्तमानपत्रात सर्वांत महत्त्वाची ओळ तीच, असे माझे मत झाले आहे.

ही ओळ छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने झाली. तो कायदा इंग्रजांनी केला होता आणि छापखान्यांवर नजर ठेवणे हा त्यांचा हेतू होता, हे उघडच आहे. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ मार्च २०२४ पासून अमलात आला. छापलेल्या शब्दामागे नावानिशी कुणी उभे असले पाहिजे, हे तत्त्व त्यातही कायम आहे. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी आलेली ही ओळ वाचकाच्याही सोयीची ठरली. छापलेल्या शब्दाबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे तिने सांगितले.

त्याचा अर्थ काय होतो, हे १८८२ साली महाराष्ट्राने पाहिले. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघून जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत आहे, असे सांगणारी काही पत्रे त्यांतील मजकुराला आधार म्हणून घेतली गेली. संस्थानचे दिवाण बर्वे यांनी फिर्याद केली आणि ती पत्रे खोटी ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आपण ही हकिगत देशभक्तीची म्हणून शिकतो. मला ती पत्रकारितेची वाटते. छापलेले चुकले, तेव्हा ज्यांची नावे पत्राखाली होती, ती माणसे सापडली. ती पुण्यातच होती, पळाली नाहीत.

आता ही मोजपट्टी घेऊन आपल्या परिसराकडे पाहू या. आपल्याविषयी जे छापले जाते, दाखवले जाते, त्याबद्दल आपल्याला उत्तर देणारे कुणी आहे का?

मार्गशीर्षात दत्तजयंतीला आपल्या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या भागांतून घोडे येतात. त्या दिवसांत आपल्या गावात कॅमेऱ्यांची वाण नसते. बातमी बहुतेक ठरलेली असते. अमुक घोड्याची किंमत इतके लाख, तमुक घोड्याला इतक्या कोटींची मागणी. मागणी झाली आणि विक्री झाली, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे घोडेबाजारात एकदा हिंडलेल्या लहान मुलालाही कळते. ज्याची किंमत पडद्यावर झळकते, तो घोडा कित्येकदा मालकाला विकायचाच नसतो. ज्या साध्या घोड्या-शिंगरांचे खरे व्यवहार होतात, त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही. बैलगाड्या आणि शेतीची अवजारे विकणारे कारागीर त्याच यात्रेत बसलेले असतात. त्यांचा धंदा दर वर्षी कसा चालला आहे, हे मी कोठेही वाचलेले नाही.

यात्रेबरोबर भरणाऱ्या चेतक महोत्सवाचेच पाहा. त्याच्या आयोजनासाठी पर्यटन महामंडळाने २०१७ मध्ये एका खासगी कंपनीशी करार केला. २०१९ च्या अखेरीस राज्य शासनाने तो करार रद्द केला, तेव्हा त्याचा ३२१ कोटी रुपयांचा आकडा मुंबईच्या वर्तमानपत्रांतून सर्वत्र गाजला. करार कोणत्या बाजूने योग्य होता, हा येथे माझा विषय नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्या गावच्या यात्रेसाठी हा करार झाला, त्या गावातील वाचकाला तो आकडा करार होताना कळायला हवा होता, की करार मोडताना? वस्तुतः यात्रा आपली. पण तिची सर्वांत मोठी बातमी आपल्याला मुंबईहून मिळाली.

यात्रा संपते, तंबू उतरतात आणि वर्षभरासाठी सारंगखेडे बातमीतून नाहीसे होते. येथे काही घडत नाही म्हणून असे होते काय? तसे मुळीच नाही. येथे जे घडते, ते हळूहळू घडते, एवढेच. तापीवर सारंगखेड्याला आणि प्रकाशाला बॅरेज झाले, पाणी अडले, नदी दोन्ही काठ भरून दिसू लागली. परंतु ते पाणी उपसून शेतापर्यंत नेणाऱ्या बावीस उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद पडून होत्या. काठावर उभे राहून पाणी पाहायचे आणि शेतात विहिरीचा तळ पाहायचा, अशी आपल्याकडील कित्येक शेतकऱ्यांची स्थिती झाली. बॅरेजच्या उद्घाटनाला तारीख असते, म्हणून त्याची बातमी होते. बंद पडलेल्या पंपाला तारीख नसते. तो काल बंद होता, आज बंद आहे, उद्याही बंद असेल. अशी बातमी लिहायची, तर दर महिन्याला जाऊन पाहणारा माणूस पाहिजे.

पपईचेही तेच. आपला शहादा तालुका पपईसाठी ओळखला जातो. माल ट्रकांनी उत्तरेकडे जातो आणि तोडणीच्या वेळी दर पडला, की उत्तरेत थंडी वाढली, मागणी घटली, असे शेतकऱ्याला सांगितले जाते. ते खरे असेलही. पण दिल्लीच्या आझादपूर मंडीत त्या दिवशी खरोखर काय भाव होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गावात वाचायला मिळाले, तर बोलणी करताना त्याच्या हातात काही तरी राहील. त्याचप्रमाणे दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याकडची आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्या मुलांच्या शाळेचे पुढे काय होते, हा विषय अधूनमधून एखाद्या विशेष पुरवणीत येतो आणि पुन्हा मागे पडतो.

पूर्ण देशाचे लक्ष आपल्या तालुक्याकडे लागले, असा एक दिवस मात्र होऊन गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. एका लहान आदिवासी गावाचे नाव त्या दिवशी जगभर गेले. पुढे काही वार्ताहर टेंभलीला पुन्हा गेले आणि क्रमांक मिळूनही रोजगाराचे व योजनांचे प्रश्न तसेच असल्याच्या तक्रारी त्यांनी नोंदवल्या. त्यांचे मला कौतुक वाटते. परंतु त्यांच्या परत येण्यालाही बहुधा निमित्त लागले. कधी पाच वर्षे झाली, कधी दहा वर्षे झाली, तर कधी न्यायालयात आधारचा खटला चालू होता. टेंभलीच्या माणसांना मात्र असल्या निमित्तांवाचून रोज जगावे लागते.

हा केवळ आपल्याच भागाचा अनुभव नव्हे. पी. साईनाथ यांनी २००६ सालचे एक उदाहरण वारंवार सांगितले आहे. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार हजर होते आणि तेथील मुख्य विषय सुती कापड हा होता. त्याच सुमारास कापूस पिकवणारे शेतकरी विदर्भात आत्महत्या करीत होते, आणि त्या बातमीसाठी बाहेरून येऊन तेथे राहिलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कापूस तोच, फक्त कॅमेरा त्याच्या कोणत्या टोकाला उभा राहिला, एवढाच फरक.

येथे कुणी म्हणेल, की गावचा वार्ताहर काय करतो? त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लहान गावांत वर्तमानपत्राची एजन्सी, जाहिराती गोळा करणे आणि बातमी पाठवणे ही तिन्ही कामे पुष्कळदा एकच माणूस करतो. पगार नाममात्र किंवा नाहीच. मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची, त्याच्याच संस्थेचा बंद पंप त्याने कोणत्या तोंडाने लिहावा? आणि लिहिलेच, तर त्याच्या पाठीशी कोण आहे? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांनी रिफायनरीच्या प्रश्नावर लिहिले होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीवर मोटार घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१७ मध्येच संमत झाला होता. मुंबईच्या पत्रकाराला निदान सहकाऱ्यांची गर्दी तरी असते. तालुक्याचा पत्रकार ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांच्याच रस्त्यावरून त्याला रोज घरी जावे लागते.

मग आमचे काही मित्र म्हणतात, आता वर्तमानपत्र हवेच कशाला? प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, प्रत्येक जण पत्रकार आहे. प्रत्येकाच्या हातात, हे म्हणणेसुद्धा अर्धेच खरे आहे. आमच्या गल्लीत पुष्कळ घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो भावाच्या हातात असतो. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. बातमी पसरवण्याची शक्ती पुष्कळांना मिळाली, हे मान्य केले, तरी तिच्याबरोबर शेवटच्या पानावरची ती ओळ आली नाही.

ती ओळ नसली म्हणजे काय होते, हे आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यात घडले. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे त्या दिवशी तेथे उतरली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा आणि चित्रफिती त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरून आलेली माणसे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून ठेवतात, काळजी घ्या असा फलक दाखवतात, असे तीत होते. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला भाग पुढे पाठवला. ज्याने कापला त्याचे नाव आजतागायत कुणाला माहीत नाही. ज्यांनी पुढे पाठवला, त्या लाखोंपैकी कुणालाही आपण काही छापतो आहोत, प्रसिद्ध करतो आहोत, असे वाटले नसेल. नंतर त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादा संख्येवर आली. जबाबदारी मात्र जिथल्या तिथेच राहिली.

मित्रमैत्रिणींनो, या दोन गोष्टी मला एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. ज्या गावात वर्षभर विश्वासाची बातमी येत नाही, तेथे अफवेला रिकामे घर मिळते. मुले पळवणारे आले आहेत का, हे ज्याला जाऊन विचारावे आणि ज्याच्या शब्दावर लोकांनी थांबावे, असा एखादा परिचित, नाव असलेला, खोटे बोलल्यास दुसऱ्या दिवशी चौकात सापडणारा बातमीदार त्या परिसरात असता, तर ते पाच जीव वाचलेच असते, असे मी म्हणू शकत नाही. पण वाचण्याची एक वाट तरी असती.

असा बातमीदार पैशावाचून उभा राहत नाही, हे म्हणणेही आपल्या मराठी इतिहासाला धरून नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा मराठी वर्तमानपत्र वाचण्याची सवयच कुणाला नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले; ज्यांचे म्हणणे इतर पत्रांत येत नव्हते, त्यांच्यासाठी ते पत्र होते. आपल्या खानदेशात, अमळनेरला, साने गुरुजींनी १९३८ मध्ये 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढून शेतकरी-कामगारांचे प्रश्न मांडले. आणि मला सर्वांत जवळचे वाटते ते मुकुंदराव पाटील यांचे 'दीनमित्र'. १९१० साली त्यांनी नगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून ते सुरू केले, पुढे तरवडी या खेड्यात नेले आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. खेड्याविषयीचे पत्र खेड्यातच छापायचे आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यातच राहायचे, हे त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ करून दाखवले.

आजच्या काळातही असे प्रयोग झाले आहेत. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे पत्र बुंदेली बोलीत सुरू केले. छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमात आदिवासी माणसे फोन करून आपल्या गावची बातमी स्वतःच्या आवाजात, गोंडीतसुद्धा, नोंदवू लागली. ती तपासून मगच इतरांना ऐकवली जाई. म्हणजे मोबाईल हा शत्रू नव्हे. बातमी पुढे जाण्याआधी मध्ये एक तपासणारा माणूस आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्या वर्गात अहिराणी, गुजर, भिली, पावरी बोलणारी मुले-मुली शेजारी शेजारी बसतात. आपल्या या बोली कोणत्याही मोठ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत इतक्या सहज एकत्र सापडणार नाहीत.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात भित्तिपत्रक आहे. जयंती-पुण्यतिथीला त्यावर सुविचार आणि चित्रे लागतात. त्यातील अर्धी जागा बातमीला द्यावी. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे किती उघडले आणि आपल्या बॅरेजची स्थिती काय. आझादपूर मंडीचा पपईचा भाव, जो शासनाच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावरून कुणालाही पाहता येतो. शहाद्याहून सुटणारी शेवटची बस वेळेवर सुटली का. कारण तीवर कित्येक मुलींचे शिक्षण अवलंबून आहे. गावात फिरणारा एखादा संदेश खरा की खोटा, हे पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत विचारून दिलेले उत्तर. आणि उपसा योजनांचा पंप आज चालू आहे की बंद, हे दर महिन्याला प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले. जेथे तोंडी उत्तर मिळणार नाही, तेथे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वर्गणी काढण्याचीही गरज नाही.

प्राध्यापक मंडळींच्या मनात शंका येईल, की यातून राजकारण शिरेल, कुणी दुखावेल, संस्थेवर दडपण येईल. ही शंका खोटी नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे, की प्रत्येक बातमीखाली ती आणणाऱ्या आणि तपासणाऱ्या अशा दोन विद्यार्थ्यांची पूर्ण नावे व वर्ग असावा. ज्याच्याविषयी लिहिले त्याचे म्हणणे त्याच कागदावर असावे. चूक झाली, तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लागावी. निनावी मजकुराला जागा नसावी, मग तो कितीही चटकदार असो. जे विद्यार्थी नावानिशी लिहायला शिकतील, ते मोबाईलवर आलेला निनावी मजकूर पुढे पाठवतानाही जरा थबकतील. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची पदवी येथे नसली, तरी एवढे शिक्षण आपल्याला येथेच घेता येईल.

ग्रंथालयाच्या भिंतीवरच्या त्या काचेच्या फळ्याची किल्ली कार्यालयात असते. ती आठवड्यातून एकदा, सोमवारी, आम्हांला मिळावी, एवढीच प्राचार्यांना विनंती. पहिल्या आठवड्यात बस आणि बॅरेज यांच्या दोन बातम्या आणण्याचे काम मी घेते. तपासायला कुणीतरी दुसरे हवे. ज्यांची तयारी असेल, त्यांनी ग्रंथालयात आपले नाव द्यावे. खरे आणि पूर्ण.